माहिती चौकट : ‘तार’ चालायची कशी?

यंत्र : बॅटरी, कळ, लोखंडी तार आणि पलीकडे विद्युतचुंबक. कळ दाबली की प्रवाह वाहतो, चुंबक लोखंडी पट्टी ओढतो, ‘कट्ट’ आवाज होतो. परतीचा मार्ग जमिनीतून, म्हणून एकच तार पुरे.

लिपी : मोर्स. डॅश म्हणजे तीन डॉटइतका वेळ. इंग्रजी ‘ई’ला एक डॉट, ‘टी’ला एक डॅश, सर्वाधिक लागणारी अक्षरे सर्वांत छोटी. सरावलेला तारबाबू निव्वळ कानाने मजकूर उतरवी.

टप्पे
• 1844 : वॉशिंग्टन–बाल्टिमोर, मोर्स यांचा संदेश.
• 1851 : कलकत्ता–डायमंड हार्बर, विल्यम ओशॉनेसी यांचे काम.
• 1854 : कलकत्ता, आग्रा, मुंबई तारेने जोडली.
• 1870 : समुद्राखालच्या केबलने मुंबई–लंडन संपर्क.
• जुलै 2013 : भारतातील तारसेवा बंद.

फरक : पत्र माणसाच्या, घोड्याच्या, गाडीच्या वेगाने जाई. तारेचा मजकूर त्यांच्या आधी पोहोचे. रेल्वे नसलेल्या, नाशिक जिल्ह्यातल्या कळवणसारख्या तालुक्यात याचे मोल मोठे; मात्र तारघरापासून पाड्यापर्यंतची वाट माणसालाच तुडवावी लागे. शुल्क शब्दांवर, म्हणून मजकूर तुटक. तातडीची तार बहुधा वाईट बातमीची, म्हणून ‘तार आली’ म्हणताच घराच्या काळजात धस्स होई.