हळदीच्या कट्ट्यांवरचा मुक्काम

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. आवक वाढली की आजची गाडी उद्याच्या बिटावर ढकलली जाते आणि गाडीवाल्यासह शेतकऱ्याला मुक्काम पडतो. जवळपास लॉज असतात, पण तिकडे कोण जाणार? नऊ महिने जमिनीत सांभाळलेली, मग शिजवून, वाळवून, ड्रममध्ये पॉलिश केलेली हळद रस्त्यावर बेवारस सोडून झोप लागत नाही. त्यात वसमत हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, म्हणजे मालाचा रुबाब आणखी वाढला. तेव्हा अंथरूण पडतं ते पिकअपच्या हौद्यातच.

अमेरिकेत हौशी लोक पिकअपमध्ये पलंग बांधून रानोमाळ भटकतात. तिथल्या गाडीत चाकांचे उंचवटे हौद्याच्या आत आलेले असतात, म्हणून प्लायवूडची फळी त्यांच्यावर उचलून घ्यायची आणि खालच्या पोकळीत सामानाचे कप्पे करायचे, अशी रीत. आपल्या बोलेरो पिकअपचा हौदा चाकांच्या वर बसतो. तळ सपाट, लांबी साधारण नऊ फूट, रुंदी साडेपाचच्या आसपास. छोटा हत्ती सात फुटांचा, तरी त्यातही पाय पसरता येतात. जागा भरपूर आहे हो, पण ती मालानं व्यापलेली. आपल्याकडचं सगळं कसब इथून सुरू होतं.

दीड टन माल म्हणजे पन्नास किलोचे तीस कट्टे. ते रचले की वरचा थर हौद्याच्या कडेइतका किंवा थोडा वरच येतो. या थरावरच झोपायचं असल्यानं जाणता हमाल शेवटचे कट्टे गाडीच्या लांबीत आडवे घालतो आणि फटींत रिकामा बारदाना कोंबतो. शिवलेली तोंडं केबिनकडे ठेवली तर ती उशाशी येतात, रात्री कोणी हात घालायचं धाडस करत नाही. वाळलेली हळद दगडासारखी कडक. लांबट कांडीचे कट्टे टोचतात, गोल गट्टूचे पाठीखाली गोट्यांसारखे सरकतात. त्यातल्या त्यात गट्टू परवडला, असं माझं मत. गोटे निदान अंगाच्या बाकाप्रमाणे जागा तरी करून देतात. वर वाकळ दुहेरी घालायची आणि कडेला कठडा उरत नसल्यानं दोन्ही बाजूंनी दोरखंड ताणायचा. झोपेत कूस बदलणारा माणूस चार-साडेचार फुटांवरून खाली येऊ नये, एवढंच त्या दोराचं काम.

अवकाळीचा भरवसा नसतो. भिजलेल्या हळदीचा भाव पडतो, म्हणून ताडपत्र्या दोन असतील तर एक मालाची, एक माणसाची. एकच असेल तर ती मालाची. यावर वाद होत नाही. माणसाची ताडपत्री नुसती वरून टाकली की मधे झोळ पडून पाणी साचतं. त्यासाठी केबिनमागच्या जाळीपासून फाळक्याजवळच्या बेळक्याच्या बल्लीपर्यंत एक बांबू आढ्यासारखा टाकतात. पाणी दोन्ही अंगांना उतरतं. फाळक्याची बाजू मात्र उघडी ठेवायची. चहूकडून बंद केलं की आत घामानं जीव जातो, आणि अशा बंद ताडपत्रीखाली डासांसाठी धूर करणं किंवा गाडीचं इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. चाकाला उटी लावल्याशिवाय तर आडवं होऊच नये.

माल उतरला की वाटतं, आता मोकळा हौदा, मजा आहे. खरा त्रास तेव्हाच. दिवसभर तापलेला पत्रा वैशाखात मध्यरात्रीपर्यंत चटके देतो आणि कार्तिकात खालून गारठा चढवतो. तळाच्या पट्ट्या बरगड्यांत रुततात. बारदान्याचे दोन-तीन थर हा सोपा उपाय, पण सगळ्यात चांगली ती पाय कापलेली नवारीची बाज. वीतभर पाय ठेवले की खालून वारा खेळतो, पाठीला ताण बसत नाही, आणि सकाळी ती उभी करून केबिनला टेकवली की हौदा मोकळा. भाडं आलं तर दहा मिनिटांत गाडी तयार. हजारो रुपयांचा बांधीव पलंग इथं रुजला नाही तो याच कारणानं.

हे सगळं उभ्या गाडीपुरतं. मालाच्या हौद्यात माणसं बसवून गाडी हाकणं कायद्यात बसत नाही आणि उलटलेल्या पिकअपच्या बातम्या दर हंगामात येतात.

हळद संपते आणि आषाढी जवळ येते. जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, तिथून पंढरपूरला पालखी निघते. दिंडीसोबत सामानाला पिकअप लागतोच. पायी चालून दमलेला एखादा म्हातारा वारकरी रात्री त्यातच आडवा होतो. या मुक्कामासाठी काही मालक गावच्या वेल्डरकडून ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी करून घेतात, पण हौद्याला त्या वेल्ड करू देत नाहीत. नट-बोल्टवर बसवतात. वारीहून परतलं की सोयाबीनला खत आणायचं असतं, आणि कमानी मधे आल्या तर खताची पोती वरून उतरवताना हमाल जास्तीचे पैसे मागतात.