हजेरीपटावरून भाषा कळत नाही

मुंबई महानगरपालिका आपल्या शाळा आठ माध्यमांतून चालवते : मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. सुरतेची महापालिकाही बहुभाषिक शाळा चालवते. तिथे गुजरातीबरोबर उडिया आणि तेलुगू शाळा आहेत, आणि कापडधंद्याच्या ओढीनं खानदेशातून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी मराठी शाळाही आहेत. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा चालतात, तर पलीकडे बेळगावात मराठी शाळा. बहुभाषिक, बहुधर्मीय वर्ग म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे टोरांटो किंवा लंडन येतं, त्यांनी आधी आपल्या तालुक्याच्या शाळांची यादी पाहावी. आपले वर्ग आज अचानक मिश्र झालेले नाहीत. त्यांच्याविषयीच्या समजुती मात्र शिक्षकांच्या खोलीपासून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत त्याच त्या ऐकू येतात.

गैरसमज : महाराष्ट्रातल्या शाळेत घरी मराठी न बोलणारं मूल म्हणजे 'बाहेरून आलेलं' मूल.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे 69 टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. उरलेल्या 31 टक्क्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं आहेत, हे खरं. पण त्यात मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले गोंड आणि माडिया, यवतमाळचे कोलाम, नंदुरबारचे भिल्ल आणि पावराही आहेत. त्यांना बाहेरचं म्हणणं हा विनोदच होईल.

यातल्या काही भाषांचं मराठीशी दूरचंही नातं नाही. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या आहेत, तर कोरकू ही संथाळी, मुंडारी यांच्या कुळातली. म्हणजे पहिलीत बसलेल्या गोंडी मुलाला बालभारतीची मराठी तितकीच परकी असते जितकी एखाद्या तमीळ मुलाला. फरक इतकाच की तमीळ मुलाबद्दल शिक्षक सावध असतात, आणि गोंडी मुलाला 'लाजाळू' म्हणून मोकळे होतात. भिली बोलणारे देशात एक कोटीच्या वर आहेत, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धुळे-जळगावच्या मुलांचं काय? ती तर मराठीच, असं आपण म्हणतो. जनगणना मात्र खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजते, आणि 2011 मध्ये ती सांगणारे साडेअठरा लाखांच्या घरात होते.

2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवावी की नाही, यावर राज्यात मोठं वादळ उठलं आणि 29 जून रोजी सरकारनं आपले निर्णय मागे घेतले. त्या गदारोळात तिसऱ्या भाषेवर पुष्कळ बोललं गेलं. कोरकू मुलाची पहिली भाषा कुठली, हा प्रश्न फारसा कुणाच्या तोंडी आला नाही.

गैरसमज : नाव वाचलं की धर्म कळतो, आणि धर्म कळला की भाषा.

हजेरीपट हातात घेतला की हा हिशेब क्षणात होतो. मुलाचं नाव शेख, म्हणजे घरी उर्दू. डिसोझा असेल तर इंग्रजी, निदान कोकणी. हा हिशेब पुष्कळदा चुकतो.

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुसलमान घरांत कोकणी बोली चालते. मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीत कथा-कादंबरी लिहीत होते. त्यांच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' रचून गेले. केरळातल्या मुसलमानाची घरची भाषा मल्याळम असते, तमिळनाडूतल्या बहुसंख्य मुसलमानांची तमीळ. उलटही पाहावं : फिराक गोरखपुरी आणि कृष्ण चंदर हे उर्दूचे मोठे लेखक हिंदू होते, राजिंदरसिंग बेदी शीख, आणि प्रेमचंदांनी सुरुवात उर्दूतच केली होती.

ख्रिस्ती मुलांचंही तसंच. वसईच्या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या सामवेदी बोली बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींना आश्चर्य वाटलं. ज्यांना फादर स्टीफन्सचं 1616 सालचं 'ख्रिस्तपुराण' ठाऊक होतं, त्यांना वाटायचं कारण नव्हतं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची मातृभाषा मराठी. इस्रायलला गेल्यावरही त्यांच्यातल्या काहींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त महाराष्ट्रात राहतात, आणि त्यांतल्या बहुतेक घरांत मराठीच बोलली जाते.

या हिशेबात एक आणखी घोटाळा असतो : शाळेचं माध्यम म्हणजेच मुलाची मातृभाषा, असं धरून चालणं. उर्दू शाळेतलं मूल घरी भोजपुरी बोलत असेल, मराठी शाळेतलं वडारी, इंग्रजी शाळेतलं मालवणी. माध्यम हा पालकांचा निर्णय आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात तर स्पष्टच सांगितलं की मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्याला पालकांवर करता येत नाही. हा निकाल पटो वा न पटो, पण माध्यमावरून घर ओळखण्याची सोय त्यानंतर उरलेली नाही.

गैरसमज : दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं, म्हणून घरी शाळेचीच भाषा बोला.

हा सल्ला देणाऱ्या बाई किंवा गुरुजी वाईट हेतूनं देत नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरेच मानसशास्त्रज्ञही हेच सांगत होते. त्यांच्या अभ्यासांत दोष असा होता की गरीब, नुकत्याच स्थलांतरित झालेल्या द्वैभाषिक मुलांची तुलना सुस्थितीतल्या एकभाषिक मुलांशी व्हायची, तीही परक्या भाषेतल्या चाचणीवर. 1962 मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करताना आर्थिक स्तर जुळवून घेतला, आणि फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं मागे पडण्याऐवजी पुढेच दिसली. नंतर काहींनी 'दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो' अशी जाहिरातच सुरू केली. तोही अतिरेकच, कारण पुढच्या संशोधनात तो फायदा सगळीकडे सापडलेला नाही. गोंधळ होत नाही, एवढं मात्र पक्कं. मूल एका वाक्यात मराठी-हिंदी मिसळतं तेव्हा ते समोरचा माणूस पाहून बोलत असतं. मोठी माणसंही दिवसभर तेच करतात.

खरी अडचण वेगळ्या जागी आहे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1980च्या सुमारास दाखवून दिलं की नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं, पण त्या भाषेत इतिहास-विज्ञान समजून घ्यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या मजुराचं मूल मधल्या सुट्टीत झकास मराठी बोलतं. मग गणिताच्या तासाला शाब्दिक उदाहरणापाशी अडलं की 'गणित कच्चं' असा शेरा मिळतो. त्याचं गणित कच्चं असेलच असं नाही. 'नफ्यातून खर्च वजा जाता' हे त्याला मैदानावर कुणी ऐकवलेलं नसतं.

आकडेच घ्या. मराठीत 21 म्हणताना आधी एक येतो, मग वीस. कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु', तेलुगूत 'इरवै ओकटि' : आधी वीस, मग एक, जसं आपण लिहितो तसंच. सोलापुरातलं तेलुगू घरातलं मूल मराठी शाळेत 'एकवीस' ऐकून आधी 1 लिहीत असेल, तर त्याची चूक तर्काला धरूनच आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असा पर्याय आला, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी दाक्षिणात्य भाषांचा दाखला दिला होता. राज्यभर त्याची टर उडवली गेली, विधिमंडळापर्यंत. टवाळी करणाऱ्यांत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत न अडखळलेले किती होते, कोण जाणे.

गैरसमज : सगळ्यांना एकच पुस्तक, एकच शिक्षक दिला की समान वागणूक झाली.

याचं सर्वांत नेमकं उत्तर अमेरिकेतून आलं. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी बोलणारी सुमारे 1,800 मुलं इंग्रजी वर्गात काहीच न समजता बसून होती, वेगळी मदत नव्हती. शाळांचं म्हणणं, सगळ्यांना सारखंच शिकवतो. 1974 मध्ये 'लाउ विरुद्ध निकल्स' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्यांना भाषाच कळत नाही त्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक देणं ही समान वागणूक नव्हे. आज त्या देशात शिकणाऱ्या मराठी मुलांनाही याच निकालाचं संरक्षण आहे.

आपल्याकडे तरतूद त्याआधीची आहे. 1956 मध्ये सातव्या दुरुस्तीनं घटनेत आलेलं कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला सांगतं. शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथे मातृभाषेचाच आग्रह धरतो. ओडिशानं 2000च्या दशकात आदिवासी भाषांतून पहिलीचं शिक्षण सुरू केलं आणि पुढे ते 21 भाषांपर्यंत नेलं. महाराष्ट्राला हे अशक्य आहे असं म्हणायला आधार नाही.

गैरसमज : परभाषिक मुलांमुळे बाकीच्यांचा अभ्यास मागे पडतो.

इंग्लंडमधल्या शाळांत साधारण दर पाच मुलांमागे एकाची घरची भाषा इंग्रजी नाही. शार्लट गे, सँड्रा मॅकनॅली आणि श्किपोन्या तेल्हाय यांनी 2013 मध्ये तिथल्या प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्व युरोपातून आलेली पोलिश मुलं कॅथलिक असल्यानं कॅथलिक शाळांत एकदम वाढली होती. त्यामुळे परिणाम मोजायला आयती संधी मिळाली. इंग्रजी मुलांच्या निकालावर वाईट परिणाम आढळला नाही.

गैरसमज : धर्मनिरपेक्ष शाळेत धर्माचं नावच काढायचं नाही.

आणि याच्या शेजारीच दुसरी समजूत बसलेली असते : परिपाठात जे म्हटलं जाईल ते सगळ्यांनी म्हणायलाच हवं. दोन्ही चूक.

घटनेचं कलम 28 सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते पालकाच्या संमतीशिवाय मुलावर लादता येत नाही. पण धर्मांविषयी शिकवणं वेगळं. 2002च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक मान्य केला. रमजान म्हणजे काय, नाताळ का, वर्षावास कशाला म्हणतात, पर्युषणात काही मुलं डबा का आणत नाहीत, हे वर्गात सांगायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.

1985 मध्ये केरळातल्या एका शाळेनं यहोवाज विटनेसेस पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकलं. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहत, पण गात नसत. 1986 मध्ये 'बिजो इमॅन्युएल' निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. हा निकाल अजूनही लागू आहे, आणि तो ठाऊक नसलेले मुख्याध्यापक पुष्कळ असावेत.

गैरसमज : अल्पसंख्याक शाळा म्हणजे त्याच धर्माच्या मुलांची शाळा.

कलम 30 अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. अनुदान घेतलं की कलम 29(2) प्रमाणे केवळ धर्म वा भाषेवरून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही. मुंबईत 1875 साली बेने इस्रायलींनी सुरू केलेली शाळा, जी पुढे सर एली कदूरी यांच्या नावानं ओळखली गेली, माझगावात आजही चालते आणि तिथली बहुतेक मुलं ज्यू नाहीत. कोलकात्यातल्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये बहुसंख्य मुली मुसलमान आहेत.

अल्पसंख्याक हा कायमचा शिक्काही नाही. 2002च्या टी. एम. ए. पै निकालानं तो राज्यागणिक ठरवायला सांगितलं. त्यामुळे मुंबईत तमीळ आणि गुजराती संस्था भाषिक अल्पसंख्याक ठरतात, आणि राज्याची सीमा ओलांडली की बेळगावची मराठी संस्थाही.

शाळांनी आणि पालकांनी एवढं तरी करावं. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या माहितीत मातृभाषेचा रकाना आहे. तिथे नाव पाहून किंवा शाळेचं माध्यम पाहून परस्पर भाषा टाकू नये. आईला किंवा आजीला विचारून ती भरावी. आणि पालकांनीही अहिराणी, पावरी, भोजपुरी, जी असेल ती भाषा न संकोचता सांगावी.