घरच्या लेथवर घडणारं इंजिन

24 डिसेंबर 1893. डेट्रॉइटमधल्या बॅग्ली ॲव्हेन्यूवरच्या घरात, ऐन नाताळच्या आदल्या रात्री, हेन्री फोर्डनं स्वतः जुळवलेलं एक इंजिन स्वयंपाकघरातल्या सिंकवर आवळून बसवलं. सिलिंडर म्हणजे गॅसच्या पाइपचा तुकडा, फ्लायव्हील म्हणून जुन्या लेथचं हातचाक आणि ठिणगीपुरती वीज घरातल्या दिव्यांच्या तारेतून घेतलेली. कार्बुरेटर नव्हताच, पत्नी क्लारा हातानं थेंब थेंब पेट्रोल सोडत होती. फोर्डनं चाकाला हिसका दिला आणि इंजिन धडधडायला लागलं. त्याची पहिली मोटारगाडी रस्त्यावर आली ती त्यानंतर, जून 1896 मध्ये.

फोर्डला पुढे गाडी करायची होती. नुसत्या इंजिनासाठी इंजिन करणाऱ्यांची परंपराही तितकीच जुनी आहे. पर्सिव्हल मार्शल यांनी 1898 साली लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केलं, ते घरी लेथ चालवणाऱ्या अशा हौशी कारागिरांसाठी. त्यात एडगर वेस्टबरी यांनी वर्षानुवर्षं छोट्या पेट्रोल इंजिनांचे आराखडे दिले. त्यांच्या ‘सील’ या चार सिलिंडरच्या इंजिनाची एकूण क्षमता अवघी 15 सीसी आहे.

इंजिन लहान म्हणजे काम सोपं, असं मुळीच नाही. सगळी मापं निम्मी केली की सिलिंडरचं घनफळ एक अष्टमांश होतं, पण भिंतींचं क्षेत्रफळ एक चतुर्थांशच होतं. म्हणजे आतल्या वायूच्या मानाने भिंत दुप्पट होते आणि उष्णता तितकीच जास्त वाया जाते. गळतीचंही तसंच. मोठं इंजिन जी फट पचवून नेतं, तीच लहान इंजिनाचा सगळा दाब घालवते. कॉम्प्रेशन धरलं तर इंजिन चालतं. ते नसेल तर ठिणगी कितीही चांगली असून उपयोग नाही.

म्हणून खरा वेळ जातो तो बोअरवर. बीडाच्या सिलिंडरचं लेथवर बोरिंग झालं तरी आत हत्याराच्या बारीक रेषा राहतात. मग लॅपिंग. तांब्याच्या किंवा पितळेच्या लॅपला बारीक पेस्ट लावायची, ती बोअरभर पुढे-मागे फिरवायची, केरोसिननं स्वच्छ धुवायचं आणि पुन्हा माप घ्यायचं. पिस्टन बिनरिंगचा असेल तर त्याची परीक्षा हातानंच होते. तेलाचा हात फिरवून पिस्टन उभ्या सिलिंडरमध्ये सोडला की तो आपल्या वजनानं सावकाश उतरला पाहिजे आणि खालचं तोंड तळव्यानं बंद केलं की जागीच थांबला पाहिजे. इथे जमणं आणि बिघडणं यांत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचं अंतर असतं. व्हॉल्व्हचंही तसंच: सीटवर पेस्टनं घासून तो बसवायचा, पोर्टमध्ये केरोसिन ओतायचं आणि पाझरतं का ते पाहायचं.

नवशिक्यानं ‘हिट-अँड-मिस’ जातीचं इंजिन घ्यावं. जुन्या काळी अमेरिकेतल्या शेतांवर पंप आणि करवती चालवणाऱ्या इंजिनांची ही रीत. वेग वाढला की गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जातात आणि खिट्टी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवते. आत ओढ निर्माण होत नाही, म्हणून ओढीनंच उघडणारा इनलेट व्हॉल्व्ह बंद राहतो. जड फ्लायव्हील नुसती फिरत राहते. वेग उतरला की खिट्टी सुटते आणि पुन्हा एक स्फोट होतो. क्रँक, निम्म्या वेगानं फिरणारा कॅम, खिट्टी, सगळं उघड्यावर असल्यामुळे चार स्ट्रोकचं गणित डोळ्यांसमोर चालताना दिसतं.

ओतकाम टाळून गज आणि पट्ट्यांतून करता येईल असा आराखडा निवडावा. पहिल्यांदा सुरू करताना मोकळी हवा आणि जवळ अग्निशामक, ही पथ्यं पाळावीत. आपल्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांमध्ये लेथ आहेत, शिकवणारे आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला असं एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करू द्यावं. मापाची किंमत काय असते, हे त्याला परीक्षेच्या पेपरपेक्षा ते इंजिन नक्कीच चांगलं शिकवेल.