रेवाची झूल आणि माझा हात

घोड्यांच्या क्लबमध्ये स्वयंसेवक हवेत, असं कॉलेजच्या ग्रुपवर वाचलं आणि मी पाचव्या मिनिटाला नाव दिलं. डोक्यात पिक्चर क्लिअर होता: मी, घोडा, वारा आणि एक भन्नाट रील. पहिल्या शनिवारी मामांनी, म्हणजे तिथल्या सईसांनी, माझ्यासमोर घामट कापडांचा ढीग टाकला आणि म्हणाले, ‘‘पहिलं हे धू. घोडा कुठं पळून जात नाही.’’

खोगिराखाली घोड्याच्या पाठीवर टाकतात तो नमदा. गंमत म्हणजे, घोडेस्वारीतले इंग्रज लोक ज्याला ‘नम्ना’ म्हणतात, तो शब्द आपल्याकडच्या नमद्यावरूनच गेलाय. आणि थंडीत, पावसात घोड्याच्या अंगावर घालतात ती झूल. पोळ्याला बैलाच्या अंगावर बघतो तशीच, फक्त हिला आरसे-गोंडे नसतात. हिला बकलं असतात, पोटाखालून जाणारे पट्टे असतात आणि बाहेरच्या बाजूला पाणी आत येऊ न देणारा थर असतो.

यात धुण्यासारखं काय एवढं, असं मला वाटलं. दोन नमदे पिशवीत घालून घरी नेले आणि आमच्या मशीनमध्ये टाकले. अर्ध्या तासात मशीन बंद. फिल्टरमधून मूठभर केस निघाले आणि आईचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. पुढच्या शनिवारी मामा एवढंच म्हणाले, ‘‘आधी झटकायचं, मग घासायचं, मग पाणी.’’

कापड कोरडं असतानाच कडक ब्रशने केस आणि वाळलेला चिखल काढायचा. ओलं झालं की केस कापडात रुततात आणि मग निघता निघत नाहीत. बकलं जुन्या मोज्यात गुंडाळायची, चामड्याचे पट्टे सोडवून बाजूला ठेवायचे. पाणी गार किंवा कोमट, साबण सौम्य. गरम पाणी, ब्लीच आणि कपडे मऊ करणारं ते सुगंधी लिक्विड झुलीला वर्ज्य, कारण त्याने पाणी अडवणारा थर जातो. मग पहिल्याच सरीत झूल स्पंजासारखी पाणी पिते आणि घोडा गारठतो. लोकरीचं काही असेल तर मामा रिठ्याचं पाणी करतात. आणि खळबळणं! पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. आत राहिलेला साबण घामात मिसळला की घोड्याला खाज सुटते. न धुतलेल्या नमद्याचंही तेच: घामाचं मीठ सुकून कापड पापडासारखं कडक होतं, वरून स्वाराचं वजन, की पाठ सोलवटते.

हे सगळं मी शिकले. वाळवणं मात्र शिकले नाही.

जुलैचा दुसरा आठवडा. तीन दिवस ऊन नाही. एका नवीन घोड्याची झूल धुऊन पत्र्याखाली टाकली होती, ती अजून दमट होती. संध्याकाळी पाऊस वाढला, रेवा या घोडीची झूल सापडेना. मला घरी जायची घाई होती, सोमवारी सबमिशन होतं. मी ती दमट झूल रेवाच्या अंगावर टाकली आणि निघाले.

दोनेक आठवड्यांनी रेवाच्या पाठीवर आणि तंगाच्या जागी केस गळून गोल चट्टे दिसायला लागले. त्याच सुमारास माझ्या डाव्या हातावर लाल कडेचं एक वर्तुळ उठलं. मी काय केलं असेल? मेडिकलमधून कुणालाही न विचारता मलम आणलं. चार दिवस खाज थांबली, मग एकाची तीन वर्तुळं झाली. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब उलटी करून मला वाचायला लावली. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत मजेत वाढते. हे गजकर्ण होतं. इंग्रजी नावात ‘वर्म’ असला तरी यात किडा-बिडा काही नसतो. ही बुरशी घोड्याकडून माणसाला होते आणि तिचे बीजाणू कापडावर, लाकडावर, ब्रशवर महिनोन्‌महिने टिकतात.

व्हेटनी रेवाला आणि त्या नवीन घोड्याला वेगळं बांधायला सांगितलं. लहान मुलांची बॅच बंद झाली. पालक येईनात म्हणून मामांची बक्षिसी बंद झाली. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही. मामा चहाचा एकच कप आणून दोघांत वाटायला लागले, तेव्हा कळलं.

मग मी झुलीची गोष्ट त्यांना सांगितली. व्हेट म्हणाले होते की एकाच ब्रशने खरारा केल्यामुळेही झालं असेल. मला ते कारण पकडून ठेवायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू! मामा रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘ओली झूल घालण्यापेक्षा उघडा घोडा बरा.’’ आणि हातमोजे पुढे केले.

पुढचे चार शनिवार मी फक्त धुणं केलं. आजारी घोड्यांचं सगळ्यात शेवटी, वेगळ्या बादलीत, व्हेटनी दिलेल्या बुरशीनाशकात भिजवून. ब्रशसुद्धा. झुली एका दोरीवर लोंबकळत न ठेवता दोन दोऱ्यांवर पसरायच्या, आतली बाजू बाहेर, समोर स्टँडचा पंखा. वरून कोरडी वाटली तरी शिवणीत आणि पट्ट्यांच्या टोकाला बोट दाबून बघायचं. ओल तिथेच लपते. आपल्या भाषेत खोगीरभरती म्हणजे नुसतीच फालतू भर. पण त्या खोगिराखालचं काहीच फालतू नसतं.

आता प्रत्येक झुलीच्या कोपऱ्यावर घोड्याचं नाव शिवलंय. टाके माझे, त्यामुळे ‘रेवा’तला ‘वा’ जरा तिरका आलाय. तिचे केस परत आलेत, आधी फिक्या रंगाचे, मग हळूहळू बाकीच्या अंगासारखे. माझ्या हातावर अजून एक पुसट गोल आहे. रील काही झाली नाही. गेल्या शनिवारी पहिल्यांदा मामांनी मला रेवावर बसवलं, दोन चकरा मारू दिल्या आणि उतरल्या उतरल्या ओला नमदा माझ्या हातात दिला.