गंजाची कैफियत

ओहोटी लागून भाट्याच्या खाडीतले पाणी मांडीपर्यंत उतरले, म्हणजे काजळी नदीच्या मुखाशी वाळूचे जे पट्टे उघडे पडतात, त्यांच्या कडेकडेने चालत मुडदुशी गरवणाऱ्या माणसाचा सरंजाम फार मोठा नसतो. तंगूसाची गुंडाळी, शिशाच्या चार गोळ्या, करवंटीत सोललेली कोळंबी, आणि खिशात, कनवटीला किंवा टोपीच्या पट्टीत खोचलेली गळांची एक लहानशी डबी, एवढ्यावर त्याची सकाळ निभावते. या सर्व जिनसांत मोलाने सर्वांत हलका आणि कामाने सर्वांत भारी जिन्नस म्हणजे गळ. मुडदुशीचे तोंड इवलेसे असल्यामुळे तिच्यासाठी लागणारा गळ सुईइतका बारीक असतो, आणि जाड गळाला गंजाचा जो थर केवळ विद्रूप करतो, तोच थर या बारीक गळाचे टोक अक्षरशः खाऊन टाकतो. असा गळ वरकरणी शाबूत दिसतो, मासाही त्याला तोंड लावतो, परंतु टोक रुतत नसल्यामुळे तो निसटून जातो, आणि दोष बहुधा आमिषाच्या किंवा नशिबाच्या माथी मारला जातो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, ज्यात मराठीच्या अगदी आरंभीच्या पदरचनेचाही मागमूस सापडतो, ‘मत्स्यविनोद’ नावाचे गळाने मासे धरण्याविषयीचे स्वतंत्र प्रकरण आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहून त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाच्या गळाची निगा राखायला पदरी माणसे असत असतील; आपली गाठ मात्र खाऱ्या पाण्याशी, ओल्या खिशाशी आणि स्वतःच्याच गफलतीशी असते.

त्या गफलतीची कैफियत आधीच देऊन टाकतो. पाण्यात उभे राहून गरवताना गळ ओले होतात, सबब पाणी आत न शिरू देणारी डबी घ्यावी, असा सरळ आणि साफ चुकीचा हिशेब करून मी रबरी कडीची एक घट्ट डबी खरेदी केली. पहिल्याच दिवशी गाळात पाय फसून कमरेपर्यंत भिजलो, तरी डबीत पाण्याचा टिपूस गेला नाही, म्हणून स्वतःवर फार खूष झालो. निघण्यापूर्वी एक वापरलेला गळ धोतराला पुसून इतरांसोबत आत टाकला आणि झाकण दाबले. पुढे भांगाचे दिवस आले, पाण्याला ओढ राहिली नाही, आणि डबी आठ-दहा दिवस फळीवर पडून राहिली. उघडली तेव्हा शंभराच्या शंभर गळांवर तांबूस भुकटी होती आणि तळाच्या पांढऱ्या प्लास्टिकवर प्रत्येक गळाची आकृती तपकिरी रंगात उमटली होती. डबीने बाहेरचे पाणी आत येऊ दिले नव्हते हे खरेच. पण आत गेलेली ओलही तिने बाहेर जाऊ दिली नव्हती.

लोखंड गंजण्याला पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात, हे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. परंतु ही क्रिया विद्युत्-रासायनिक आहे, हा त्यातला खरा मुद्दा परीक्षेनंतर विसरला जातो. पोलादावर बसलेला एक थेंब भिंगाखाली पाहावा. त्याच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोचतो, मध्यभागी मात्र तो तुटपुंजा पडतो, आणि या विषमतेमुळे एकाच थेंबात एक चिमुकला विद्युत्‌घट तयार होऊन मधले लोखंड विरघळू लागते. गंजाचे तांबडे कडे थेंबाच्या काठालगत दिसते, पण प्रत्यक्ष खड्डा मध्यभागी, त्या कड्याच्या आडोशाला पडतो. गळाचे नेढे, उलट्या काट्याची बगल आणि दोऱ्याची गाठ या जागी थेंब दडून राहतो, म्हणून गळाचा नाश तेथूनच सुरू होतो.

एवढे झाले गोड्या पाण्याचे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाण्याची विद्युत्‌वाहकता वाढवून ही क्रिया जलद करतात, आणि त्यांतील क्लोराइड धातूवरचे संरक्षक पापुद्रे फोडते. परंतु याहून लबाड असा एक क्षार त्यांत आहे. शुद्ध मिठाला हवेतली ओल शोषून पाझरू लागण्यासाठी सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला त्याच कामासाठी ३३ टक्के पुरतात. मिठागरातले खडेमीठ पावसाळ्यात बरणीच्या तळाशी का पाणावते, याचे उत्तर कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. गळावर वाळलेल्या खाडीच्या पाण्याची गतही तीच. तो हाताला कोरडा लागतो, पण क्षाराचे अदृश्य कवच रात्रीच्या हवेतून पाणी ओढीत राहते. म्हणून न धुतलेला गळ किनारपट्टीवर खऱ्या अर्थाने कधीच वाळत नाही, आणि औषधाच्या बाटलीतून काढलेली सिलिका जेलची पुडी डबीत टाकूनही हा कसूर भरून निघत नाही. पुडी ओल शोषते, क्षार नव्हे. शिवाय तिची ताकद संपली की तिला तापवून पुन्हा कोरडे करावे लागते, याचे स्मरण कोणाला राहते?

तेव्हा बंदोबस्त करायचा तो क्षाराचा. घरी आल्याबरोबर गळ गोड्या, शक्य तर कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून हलवावेत, जुन्या मऊ फडक्याने नेढे आणि काटा टिपून घ्यावेत, पसरून पूर्ण वाळू द्यावेत, आणि मगच शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवावा. धुण्याआधी तेल लावणे म्हणजे क्षाराला पांघरूण घालणे. यंत्रांचे सुटे भाग ज्या गंजरोधक कागदात बांधून येतात, त्याचा ताजा तुकडा मिळाला तर तो फेकू नये. त्यातून मंद सुटणारी वाफ धातूवर पातळ थर धरते, आणि हा एकच उपाय असा, की ज्याला बंद डबीच हवी. चिंच-लिंबाने गंज काढण्याचा मोह मात्र आवरावा, कारण आम्ल गंजाबरोबर चांगले पोलादही खाते, आणि आधीच झिजलेले टोक चकाकते, पण बोथटच राहते.

प्रत्यक्ष पाण्यात असताना काय करावे, याची तजवीज माझ्या परिचयातल्या एका वृद्ध मच्छीमाराने एका वाक्यात लावली. माझी डबी उलटसुलट करून पाहत ते म्हणाले, “भाऊ, शंभर गळ कशाला नेतोस? दहा घ्यावे, दहा संपले की घरी यावं.” त्यांच्या छातीवर, पाण्याच्या बरेच वर, घोंगडीचा हातभर लांब तुकडा टाचलेला असे. उजव्या बाजूला कोरे गळ, डाव्या बाजूला वापरलेले. डावीकडचा गळ पुन्हा उजवीकडे जात नसे. वारा लागून ते जमेल तितके सुकत, आणि घरी पोचताच घोंगडीच्या तुकड्यासकट विहिरीच्या पाण्यात जात. इंग्रज गरवे टोपीला मेंढीच्या लोकरी कातड्याचा तुकडा लावतात तो याच न्यायाने, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना त्याचे काहीच विशेष वाटले नाही.

गळावरच्या मुलाम्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण दुकानात चकाकीवर माणूस भुलतो. जस्त लोखंडाला जामीन राहते. मुलामा खरवडला गेला तरी आधी ते स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. निकेल किंवा कथील अखंड आहे तोवर उत्तम, पण चरा पडला की उघड्या पडलेल्या तेवढ्याच लोखंडाकडून सगळी वसुली सुरू होते, आणि दगडावर टोक पाजळताना हा चरा आपणच पाडतो. राहिले न गंजणारे पोलाद, जे शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली क्रोमियम मिसळून घडवले. त्याचे गळ टिकतात, यात शंका नाही. पण दोरा तुटून माशाच्या जबड्यात राहिलेला साधा गळ हळूहळू गंजत झिजतो, तर हा दीर्घकाळ तसाच राहतो. आणि सुटलेल्या माशाचा विचार करता मला साधाच गळ बरा वाटतो.

ती रबरी कडीची डबी मी टाकून दिलेली नाही. ती आता आमच्या स्वयंपाकघरात असते, आणि आषाढाच्या ऐन झडीतही तिच्यातली काडेपेटी पहिल्या घासेला पेटते.