एक्कावन्नावी साडी

१६४३ साली लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी आपल्या सुरतेच्या वखारीला एक तक्रारवजा पत्र धाडले. तुमच्याकडून येणाऱ्या रजयांची जमीन बहुतेक गडद तांबडी असते, ती इकडे फारशी खपत नाही. यापुढे पांढरी जमीन जास्त ठेवा, मधोमध रंगीत फुले-फांद्या येऊ द्या, आणि त्या कशा काढायच्या ते चित्रकाराच्या मर्जीवर सोडा, असा त्याचा आशय. भारतीय नक्षी युरोपच्या आवडीकडे कशी वळली, याचा पुरावा म्हणून वस्त्रांचे अभ्यासक हे पत्र नेहमी पुढे करतात. त्यातल्या शेवटच्या सवलतीकडे मात्र कमी लक्ष जाते. जमीन गिऱ्हाईकाने ठरवली, मांडणी गिऱ्हाईकाने ठरवली, रेघ तेवढी चित्रकाराकडे राहिली. पुढे भारतातून जाणारे हे चितारलेले, छापलेले कापड युरोपात इतके चालले, की फ्रान्सने १६८६ साली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ साली कायदे करून ते अडवले. मराठी माणसाला सतराव्या शतकातली सुरत म्हटले की शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी आठवते, आणि तिथल्या वीरजी व्होरासारख्या सावकारांची नावेही ठाऊक असतात. दोन देशांच्या संसदेला आणि दरबाराला घोर लावणाऱ्या त्या फुलांच्या चित्रकारांपैकी एकाचे नाव सांगा म्हटले, तर सांगता येणार नाही.

सुरतेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराची आजची अडचण या पत्रापासून फार लांब गेलेली नाही. ही अडचण सहसा चुकीच्या जागी शोधली जाते. ऑर्डरीच्या कामाने कला मरते, पोटासाठी साड्यांची डिझाइने काढणाऱ्याने स्वतःच्या चित्रांची स्वप्ने पाहू नयेत, किंवा पाहायचीच तर रविवारी पाहावीत, असे एक सरसकट मत आहे. या लेखाचे म्हणणे उलट आहे. चित्रकाराने स्वतःसाठी, स्वतःच्या नावाने केलेले काम हा शौक नाही. धंद्यात त्याला उभे राहायला तेवढीच एक पक्की जमीन आहे. मराठी चित्रकलेचा इतिहास हेच सांगतो. गंमत म्हणजे भारतीय कायदाही, थोड्या आडवळणाने, तेच सांगतो.

आधी ऑर्डरीचे काम म्हणजे काय ते जवळून पाहू. रोटरी छपाईत जाळीच्या नळकांड्याचा, म्हणजे स्क्रीनचा, नेहमीचा घेर ६४ सेंटीमीटर असतो. त्यामुळे दर ६४ सेंटीमीटरला चित्राचे शेवटचे टोक त्याच्या सुरुवातीला बेमालूम येऊन मिळाले पाहिजे. रिपीट ६४ चे ठेवा, नाहीतर ३२, १६ असे त्याला नेमका भाग जाणारे ठेवा. चाळीसचे सुंदर चित्र तिथे निरुपयोगी. एका रंगाला एक स्क्रीन लागते. जलरंगात गुलाबाच्या पाकळीची छटा ओल्या कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात उतरते. इथे ती दोन-तीन सपाट रंगांत फोडावी लागते, आणि दोन रंगांच्या सीमेवर एक रंग दुसऱ्यावर केसभर चढवावा लागतो, नाहीतर कापड जरासे सरकले की मध्ये पांढरी फट दिसते. मग मॅचिंग: तीच नक्षी राणी रंगावर, मेंदीवर, मोरपिशीवर, आणि प्रत्येकीत फुलांचा तोल नव्याने साधायचा. पल्लू वेगळा, बॉर्डर वेगळी, ब्लाउजपीस वेगळा. डिजिटल छपाईने घेराची आणि स्क्रीनची बंधने बरीच सैल केली, मॅचिंगची केली नाहीत. एवढे करून फाइल दिली की एकरकमी पैसे मिळतात. साडी शंभर निघो की लाख, चित्रकाराचा हिशेब तिथे संपतो. या कामाला हलके समजणाऱ्याने एकदा ६४ सेंटीमीटरात आंब्याचे झाड बसवून दाखवावे.

या शहरात मराठी माणूस पाहुणा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लिंबायत, उधना, डिंडोलीत राहतात. महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठीतही चालतात. चित्र काढता येणाऱ्या इथल्या पोराला पहिली कमाई कापडातच दिसणार, हे उघड आहे. म्हणून त्याने पुढे काय करावे, हा प्रश्न आपलाही आहे.

आता इतिहास. ऑर्डरीच्या कामाने कला मरत असती तर मराठीत दिवाळी अंक नावाची गोष्टच उभी राहिली नसती. मडगावात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल आयुष्यभर मागणीनुसार काम करत होते: मुखपृष्ठे, कथाचित्रे, जाहिराती. प्रकाशक सांगेल त्या मापात, सांगेल त्या तारखेला. तरीही दलालांची बाई म्हटले की चित्र डोळ्यांपुढे येते. याचे कारण प्रतिभा हे खरेच, पण प्रतिभा तर सुरतेच्या रजयांवरही होती. दलालांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडल्या. चित्राच्या कोपऱ्यात सही राहिली, आणि १९४५ साली त्यांनी स्वतःचे ‘दीपावली’ काढले. दुसऱ्यांच्या अंकांसाठी चित्रे काढणारा माणूस अंकाचा धनी झाला. कोणते चित्र कुठे, केवढे छापायचे, हे तो ठरवू लागला. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच, आणि त्यांनीही ‘रत्नप्रभा’च्या रूपाने तीच वाट धरली. वसंत सरवटे यांची तऱ्हा निराळी. ते सिमेंट कंपनीत अभियंता होते, पगार तिथून येत होता, म्हणून चित्रातली मर्जी त्यांनी पूर्णपणे आपल्याकडे ठेवली. वाटा वेगळ्या, पण प्रत्येकाकडे एक तुकडा असा होता, ज्यावर गिऱ्हाईकाचा हक्क नव्हता. ऑर्डरीचे काम त्या तुकड्याच्या जोरावर वाढले.

सुरतेच्या चित्रकाराला असा तुकडा का हवा, हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातून फार स्पष्ट दिसते. त्या कायद्यानुसार कलाकृतीचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. पण कलम १७ म्हणते, की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगवलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सांगणारा असतो. २००० चा डिझाइन कायदाही मोबदला देऊन काम करवून घेणाऱ्यालाच डिझाइनचा धनी मानतो. आणि खरी मेख कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकत होती पण केली गेली नाही, ते डिझाइन हक्कदाराने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर ५० पेक्षा जास्त वस्तूंवर छापले गेले, की त्याचा कॉपीराइट संपतो. पन्नास साड्यांपर्यंत तुमचे, एक्कावन्नावीपासून कुणाचेही. सुरतेच्या मिलला पन्नास साड्या छापायला किती वेळ लागतो, हे सांगायची गरज नाही. नोंदणी केली तर १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते, पण ती बहुधा व्यापारीच करणार, आणि हंगामापुरत्या साडीसाठी तोही सहसा त्या फंदात का पडेल?

दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ साली मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या खटल्यात नोंदणी नसलेल्या नक्षीचा नेमका हाच प्रश्न सोडवला. वाद सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीचा होता. ती नक्षी म्हणजे मूळ चित्र आहे, सबब तिला कॉपीराइट आहे, असा दावा होता. तो टिकला नाही, कारण नक्षी कापडावर छापण्यासाठीच केली होती आणि तिची नोंदणी नव्हती. निकालातला दुसरा धागा चित्रकारांनी गाठ मारून ठेवावा असा आहे. स्वतंत्र चित्र म्हणून जन्मलेल्या कलाकृतीचे संरक्षण तिला मिळत राहते. कमी आयुष्य असते ते तिच्यावरून उद्योगासाठी केलेल्या डिझाइनला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधूनच आलेल्या क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यातही हा भेद कायम ठेवला. म्हणजे एकच कैरी. थेट साडीसाठी काढली तर पन्नास साड्यांची धनी. आधी चित्र म्हणून काढली, मालिकेत बसवली, सही-तारखेनिशी प्रसिद्ध केली आणि मग तिच्यावरून डिझाइन करायला परवानगी दिली, तर साडीची नक्षी वाऱ्यावर गेली तरी मूळ कैरी चित्रकाराच्या घरी राहते. तीच कैरी उद्या बालपुस्तकात जाऊ शकते, दिनदर्शिकेवर जाऊ शकते, दुसऱ्या व्यापाऱ्याला नव्या रूपात देता येते.

यावर सुरतेच्या बाजारातला कुणीही म्हणेल: साडी म्हणजे मासिकाचे मुखपृष्ठ नव्हे. बाई साडी घेते ती रंग, पोत आणि किंमत पाहून. चित्रकाराचे नाव कोण विचारतो? हरकत वजनदार आहे, पण ती सवयीचे वर्णन करते, स्वभावाचे नाही. फिनलंडच्या मारिमेक्को या कंपनीच्या छापील कापडाच्या कडेला नक्षीचे नाव आणि ती काढणाऱ्याचे नाव छापलेले असते. माइया इसोलाने १९६४ साली काढलेली मोठाली खसखशीची फुले आजही तिच्या नावाने विकली जातात, पिशव्यांपासून पडद्यांपर्यंत. ते कापडही यंत्रावरच, ढिगानेच छापले जाते. नावाचा एक कमी बोलला जाणारा फायदा २०१३ साली दिसला. फिनएअरच्या विमानावर रंगवलेले मारिमेक्कोचे एक चित्र युक्रेनच्या मारिया प्रिमाचेंको हिच्या जुन्या चित्रावरून उचललेले निघाले. डिझाइन करणारीचे नाव जाहीर होते, म्हणून जाब कुणाला विचारायचा हे ठाऊक होते. विमान पुन्हा रंगवावे लागले. वारली चित्रांचे छाप घेऊन बाजारात येणाऱ्या साड्यांबाबत असा जाब कुणाला विचारणार? जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या परंपरेतल्या आकृत्या कापडावर निनावीच फिरतात.

दुसरी हरकत जास्त प्रामाणिक आहे. नक्कल बंद केली तर सुरत बंद पडेल. चांगली चाललेली नक्षी झपाट्याने स्वस्तात उपलब्ध होते, म्हणूनच कमी मिळकतीच्या घरातही लग्नाला नवी साडी येते. हे खरे आहे, आणि नक्षीवर पहारे बसवावेत असे इथे म्हणायचेही नाही. नाव आणि नकलेची मुभा या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठीसह अनेक भाषांतली सचित्र बालपुस्तके खुल्या परवान्याखाली आहेत. कुणीही उतरवून घ्यावीत, छापावीत, बदलावीत. अट एकच, लेखक-चित्रकाराचा नामनिर्देश. नक्कल जितकी पसरते तितके नाव पसरते, आणि नाव पसरले की पुढचे काम चालत येते. कलाकृतीचे कर्तेपण सांगण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ तर मालकी विकल्यानंतरही चित्रकाराकडे ठेवते. अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली या कलमाला दात आहेत हे दाखवले: शिल्प शिल्पकाराला परत, आणि वर ५ लाख रुपये भरपाई.

आता तर संगणकच वाटेल तेवढी फुले काढून देतो, ही ताजी हरकत. देतो खरा. म्हणूनच निव्वळ फुले विकणाऱ्याची किंमत उतरणार, आणि अमुकच्या हातची फुले हवीत असे म्हणायला लावणाऱ्याची टिकणार. मग प्रश्न वेळेचा उरतो: हंगामात डोके वर काढायला फुरसत नसलेल्याने स्वतःची मालिका कधी करायची? याला गोड उत्तर नाही. दलालांनाही ‘दीपावली’ फुकटच्या वेळात काढता आले नसणार.

विषयांना तर तोटा नाही. सुरतेच्या डच दफनभूमीत हेंड्रिक व्हॅन रीड याची भलीमोठी घुमटी आहे. तो १६९१ साली वारला. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा १२ खंडांचा ग्रंथ त्याने करवून घेतला. त्यात ७०० हून अधिक वनस्पतिचित्रे आहेत, मुळापासून शेंगेपर्यंत. फुलांच्या नक्षीसाठी दुसऱ्यांची छायाचित्रे चाळणाऱ्या शहरात हा माणूस पुरलेला आहे. तापीकाठच्या वीस झाडांची अशी मालिका एखाद्या चित्रकाराने काढली, आधी पुस्तक किंवा प्रदर्शन म्हणून लोकांपुढे ठेवली, आणि मग तिच्यावरून दहा डिझाइनांची लेखी परवानगी एखाद्या व्यापाऱ्याला दिली, तर करारात दोनच ओळी अडून मागाव्या लागतील: कापडाच्या कडेला नाव, आणि मुदत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षांची धरतो. सुरतेच्या साडीला एवढे आयुष्य क्वचितच असते. तेव्हा एक हंगाम लिहून द्यायला व्यापाऱ्याचीही हरकत असण्याचे कारण नाही.