हेडचा तडा

डिपस्टिक ओढली, तर तिला ऑईलऐवजी दुधाच्या चहासारखं काहीतरी चिकटलेलं! ज्यांनी इंजिनं उघडली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी ऑईलमध्ये उतरलं होतं. आणि ते उतरवणारा मीच. रेडिएटरचा पाईप गळतोय हे दिसत असूनही, ‘घरापर्यंत जाईल’ म्हणून कागलपासून कोल्हापूरपर्यंत मी ट्रक तसाच दामटला होता.

ट्रक म्हणजे निस्सान वन-टन. जबलपूरच्या वाहन कारखान्यात परवान्यावर बनलेला आणि लष्करातून बाद झाल्यावर लिलावात निघालेला. याच घराण्यातली जोंगा पुष्कळांना ठाऊक असते. दोघांच्या पोटात एकच इंजिन : सहा सिलिंडर, पेट्रोल, ३९५६ सीसी. आबा सैन्यात ड्रायव्हर होते, असाच वन-टन त्यांनी वर्षानुवर्षं हाकला. ट्रक त्यांच्यासाठी घेतला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर लहानपणी त्यांनी मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, त्याचा हा सूड असावा.

ट्रक दारात आला तेव्हा आबा काहीच बोलले नव्हते. डिपस्टिक पाहून मात्र म्हणाले, “हेड उतरव. कुणाला देऊ नको, तूच उतरव.”

हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, प्रत्येक थोडाथोडा सैल करत काढायचे. एकदम एक बाजू सोडली तर हेड वाकतं. एक बोल्ट गंजून बसला होता, त्याने दोन दिवस खाल्ले. बिडाचं हेड एकट्याने उचलायच्या फंदात पडू नये. शेजारच्या पोराला हाताशी घेतलं. खाली गॅस्केट चौथ्या-पाचव्या सिलिंडरच्या मधे जळालेलं. एवढ्यावरच निभावलं, असं वाटलं.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींना तसं वाटलं नाही. त्यांनी हेड धुतलं, रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि वर खडू घासला. पाच मिनिटांत पाचव्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधे, पांढऱ्यावर एक बारीक काळसर रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

“भंगारात दुसरं मिळेल,” मिस्त्री म्हणाले, “पण तेही ह्याच वयाचं.”

वेल्डिंग करायला बीड नाराज असतं. एका जागी तापलं की शेजारी फुटतं. म्हणून शिवायचं ठरलं. होय, शिवायचंच! तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून त्याची धाव थांबवायची, मग तड्यावरून भोकं पाडत, आटे कापत, एकमेकांत थोडे शिरतील असे प्लग घट्ट बसवत जायचं. वरून घासून सपाट करायचं.

सीटचं दुखणं वेगळं. पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला जणू गादी पुरवायचं. २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं, ते हवेसाठी आणि पोरांच्या मेंदूसाठी उत्तमच झालं. पण मऊ सीटची जुनी हेडं झिजायला लागली. माझ्या हेडातले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चांगलेच खोल बसले होते. मिस्त्रींनी जुन्या सीट कापून कडक पोलादाच्या रिंगा ठोकल्या.

मापं घेताना एक गंमत कळली. बोअर ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक ११४.३. अशी विचित्र मापं कोण ठरवतं? इंचात मोजा : तीन पूर्णांक तीन अष्टमांश आणि बरोब्बर साडेचार! निस्सानने १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ग्रॅहॅम-पेज कंपनीकडून इंजिनाचे आराखडे नि यंत्रसामग्री घेतली होती. त्या इंचांचं बियाणं जपानमार्गे जबलपूरला उगवलं.

व्हॉल्व्ह घासायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं. पेस्ट लावून दांडी तळहातांत फिरवायची, रवी फिरवतात तशी. बारा व्हॉल्व्ह. सातव्याला ते अचानक म्हणाले, “लेहकडं रात्री इंजिनातलं पाणी काढून ठेवायला लागायचं. गोठलं की बीड फुटतं. एका रात्री मी विसरलो.”

मी हात थांबवला.

“सकाळी बाजूनं बर्फ बाहेर आलेला. फीत गेली. लान्स नाईकचा पुन्हा शिपाई. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.” आणि ते आठव्या व्हॉल्व्हकडे वळले.

मग पोकळ्यांत रॉकेल भरून तासभर थांबलो. एकही व्हॉल्व्ह पाझरला नाही. नवं गॅस्केट टाकून बोल्ट आवळले, यावेळी मध्यापासून कडेकडे, टॉर्क रेंचने, तीन फेऱ्यांत. टॅपेट मी लावले.

इंजिन तिसऱ्या सेल्फला धरलं. गरम झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासले आणि मी कव्हर बसवून मोकळा झालो. आबांना आता फारसं ऐकू येत नाही. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर ठेवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले. मग एक हात वर करून पाची बोटं दाखवली.

इंजिन बंद केलं, कव्हर परत उतरवलं. पाचव्यात फीलर गेज घातलं, तर ते खुशाल सैल फिरत होतं.